बशीवरचे दोन ठिपके

या अंकाच्या संपादकांच्या घरी मी दोनदा काम केलं. दुसऱ्या खेपेला मोरीची टाइल बदलत होतो, तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "बशीरभाई, काम करताना तुम्ही जे बोलत असता ना, तेच लिहून द्या." मी म्हणालो, "साहेब, मी सातवी पास." ते म्हणाले, "म्हणूनच." म्हणूनच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. काम अर्धवट होतं आणि सिमेंटचा माल सुकत चालला होता.

फरशीचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. चौकोनाला चौकोन लावायचा, त्यात काय? पण सगळा खेळ पाण्याचा आहे. मोरीतलं पाणी आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे. नाही गेलं तर घरातली बाई वीस वर्षं रोज सकाळी मिस्त्रीला शिव्या देते, आणि त्या शिव्या बरोबर असतात. दुसरं म्हणजे फरशीखाली पोकळी राहता कामा नये. थापीच्या दांड्यानं टाइल वाजवून बघायची. बद्द आवाज आला की ती उचलायची आणि परत बसवायची. मालक बघत असो वा नसो. आमच्या वालिदांनी मला शिकवलं ते एवढंच.

माझा हात जास्त बसला तो मात्र तुकड्यांच्या कामात. गच्ची गळू नये म्हणून वर फुटक्या टाइलांचे तुकडे सिमेंटात दाबून बसवतात, त्याला आम्ही चायना मोझॅक म्हणतो. अख्खी टाइल घरात आणि फुटकी गच्चीवर, अशी वाटणी. तुकडा हातात घेतला की तो कुठं बसेल ते मला लगेच दिसायचं. जोडीदार मिस्त्री चिडवायचे, "बशीरला साबूत टाइल दिली की त्याला ताप येतो."

मी मूळचा नांदेडचा, देगलूर नाक्याचा. लातूरला आलो ते हॉस्टेलांची लाट आली तेव्हा. अकरावी-बारावीला पोरं कुठून कुठून यायला लागली, आणि ज्याच्याकडे रस्त्याकाठी प्लॉट होता त्यानं त्यावर तीन मजले चढवले. एका खोलीत चार पलंग, चार टेबलं, मजल्याला सहा न्हाणीघरं. न्हाणीघर म्हटलं की टाइल आली. मी एक हॉस्टेल सोडायचो, तर शेजारच्या प्लॉटवर दुसऱ्याचा पाया खोदून झालेला असायचा.

एका मालकाला जिन्याच्या भिंतीवर रसायनशास्त्राचा तक्ता टाइलांत हवा होता. एक मूलद्रव्य, एक टाइल. अक्षरं छापून आणली होती, मी फक्त लावायची. लावली. आठवड्यानं एक मुलगी शिडीखाली येऊन उभी राहिली. "काका, सोडियम आणि पोटॅशियमची अदलाबदल झालीय." मी घाबरून मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. चूक ज्याला दिसल, त्यो डॉक्टर होईल." ती तशीच आहे अजून.

त्याच हॉस्टेलात मला गायकवाड सर भेटले. तुकड्यांच्या ढिगापाशी उभे होते, हातात रिकामी गोणी. मला वाटलं, गच्चीसाठी हवे असतील. ते म्हणाले, "शाळेच्या भिंतीसाठी पाहिजेत. चित्र करायचंय. आणि तुकडे बसवणारा माणूसपण पाहिजे."

गायकवाड सर धर्माबादकडचे. त्र्याण्णवचा भूकंप त्यांनी पेपरात वाचलेला. बदली होऊन आले ते नेमके भूकंपात गेलेल्या एका गावात. गावात म्हणजे नव्या गावात. जुनं तिथून तीन-एक किलोमीटरवर, आता नुसती दगडांची रास आणि बाभळी. नव्या गावात सरळ रस्ते, सारखी घरं, घरांवर नंबर. सर सांगत होते, "बशीरभाई, माझ्या वर्गातली सगळी पोरं भूकंपानंतर जन्मली. त्यांना जुनं गाव माहीत नाही, आणि घरात कुणी सांगत नाही. मी वर्गात विचारलं, तुमच्या घरी जुन्या गावातलं काय आहे? एक पोरगी म्हणाली, एक पेटी हाय सर, पण उघडू देत न्हाईत. मग दुसरा म्हणाला, आमच्यातबी हाय. निम्म्या वर्गानं हात वर केले."

त्यांचं म्हणणं असं, की शाळेच्या लांब भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा करायचा. गल्ल्या, विहीर, मारुतीचं देऊळ, पीरसाहेबांचा दर्गा, सगळं. जमीन आणि रस्ते माझ्या हॉस्टेलच्या तुकड्यांतून. आणि ज्याचं घर जिथं होतं, तिथं त्यानं आपल्या पेटीतला एक तुकडा स्वतःच्या हातानं बसवायचा.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडात होतो. आमच्या मोहल्ल्यातून भाकरी आणि चादरी भरून ट्रक गेला, पोरं ढिगारे उपसायला गेली. मी गेलो नाही. बायको नुकतीच बाळंत झाली होती, कारण खरंच होतं, पण गेलो नाही ते नाहीच. म्हणून असेल, मी सरांना दर विचारायच्या आधीच हो म्हणालो.

पहिले चार दिवस कुणी काही आणलं नाही. मी एकटा रस्ते करत बसलो. येणारे-जाणारे थांबायचे. एकजण मोटारसायकलवरूनच म्हणाला, "फुटकं घरात ठिवू नये म्हणत्यात, आन तुमी भिंतीला लावून राहिलेत?" मी म्हणालो, "घरात कुठं ठेवतोय? शाळेत ठेवतोय." तो हसला आणि गेला.

गाव हललं ते भांडणामुळं. सरांनी विहिरीकडची गल्ली खडूनं सरळ आखली होती. बाबूतात्या म्हणून एक म्हातारे काठी टेकत आले, बघितलं, आणि तापले. "ह्यी गल्ली सरळ कोणी केली? हितं वळण व्हतं. वळणावर माझा ओटा व्हता. सरळ काढून माझा ओटा उडवला का?" दुसरा म्हातारा म्हणाला, वळण तिथं नाही, अलीकडं होतं. संध्याकाळपर्यंत भिंतीपुढं पंचवीस माणसं, सगळी एकदम बोलणारी. कुणाची भिंत कुणाला लागून होती, कडुलिंब कुणाच्या हद्दीत होता, बुद्धवाड्याकडं जायची वाट कुठून फुटायची. सर माझ्या कानात म्हणाले, "दोन वर्षांत इतकं बोलताना मी यांना ऐकलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी बाबूतात्यांनी कपाचा एक कान आणला आणि आपल्या ओट्याच्या जागी लावला.

मग रांग लागली. माझी पद्धत साधी होती. माणूस शेजारी बसवायचा, त्याला बोटभर माल लावून द्यायचा, तुकडा त्याच्याच हातानं दाबायचा आणि माल धरेपर्यंत हात तसाच ठेवायला सांगायचं. खरं तर एवढा वेळ धरायची गरज नसते. पण हात भिंतीला टेकलेला असला, की माणूस आपसूक बोलतो. ही माझी लबाडी. कुणी दिव्याची काच आणली, कुणी देवघरातली फुटकी फरशी, कुणी पितळी तांब्याचा चेपलेला काठ. एका आजींनी काचेच्या बांगड्यांचे तुकडे पदरात आणले आणि विचारलं, "ह्ये चालतेत का? इपरीत न्हाई ना?" सर काही बोलायच्या आत दुसरी बाई म्हणाली, "लावा, मावशी. म्याबी आणते." त्या दिवशी दुपारभर बायकाच होत्या आणि सर वर्गात जाऊन बसले.

आली नाही ती एक कौसाबाई. त्यांची जागा विहिरीच्या वळणाशी होती, सगळ्यांना पाठ होती, आणि तेवढी जागा मोकळी राहिली होती. सरांनी मला सांगितलं होतं, "नवरा गेला, बारा वर्षांची मुलगी गेली. मुलगा वाचला. बाई मुलीचं नाव घेत नाहीत. मुलाच्या लग्नातसुद्धा कुणी काढलं तर उठून गेल्या."

त्या आल्या शुक्रवारी. मी जुम्म्याच्या नमाजाला शेजारच्या गावी गेलो होतो. परतलो तेव्हा वळणापाशी एक पांढरी बशी बसलेली, काठाला थोडी फुटलेली. सर म्हणाले, "कौसाबाई येऊन गेल्या. कुणाला हात लावू दिला नाही. बोलल्या काहीच नाहीत." मी बशी वाजवून बघितली. कुठं बद्द नाही. बाईनं चांगली दाबली होती.

शनिवारी माझं शेवटचं काम: सांधे भरायचे आणि भिंत धुवायची. मंगळवारी सव्वीस जानेवारी, झेंड्यानंतर सगळं गाव भिंतीपुढं येणार. त्या शनिवारीच पेंटर शाळेचं गेट लाल रंगवत होता, आणि तो असा, की गेटपेक्षा त्याच्या पँटला रंग जास्त. माझ्या भिंतीवर दोन-चार ठिकाणी शिंतोडे उडाले होते. मी ब्लेड घेतलं, थिनरचा बोळा घेतला, आणि एका टोकापासून सुरुवात केली. आमच्या धंद्यात काम संपल्यावर टाइलवर एक डाग दिसला तर ती बेअब्रू. कौसाबाईंच्या बशीवरही काठाशी दोन लाल ठिपके होते, शेजारी शेजारी. घट्ट बसले होते. ब्लेडनं हळूच खरवडले, थिनरनं पुसले, कोरड्या फडक्यानं बशी चमकवली. काचेसारखी निघाली. त्या बशीवर मी जरा जास्तच मेहनत घेतली, कारण बाई पहिल्यांदाच आल्या होत्या.

रविवारी सकाळी त्या आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. सरळ वळणापाशी गेल्या, वाकल्या आणि बशीच्या काठावरून बोट फिरवायला लागल्या. एकदा फिरवलं, परत फिरवलं.

"हितं दोन ठिपके व्हते," त्या म्हणाल्या.

मी हसत पुढं झालो. म्हणालो, "बाई, ते गेटच्या रंगाचे शिंतोडे होते. काढून टाकले मी. आता बघा कशी दिसते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्या वर्षाचे व्हते त्ये," त्या म्हणाल्या आणि खाली मातीत बसल्या. मुलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

लग्नाकार्याला शेजारी-पाजारी भांडी मागतात, सगळ्यांच्या ताट-वाट्या-बशा एकसारख्या, म्हणून घरोघर भांड्याला रंगाची खूण असते. कुणाचा हिरवा ठिपका, कुणाची पिवळी रेघ. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या नांदेडच्या घरात, माझ्या बायकोच्या प्रत्येक डेगचीला हिरवा ठिपका आहे आणि त्या रंगाचा डबा मीच कामावरून आणून दिलेला. पण हातात ब्लेड असलेल्या माणसाला सगळे डागच दिसतात. मुलीचा एक फोटो नव्हता, कपडा नव्हता. तिच्या हातचं जगात जे उरलं होतं, ते मी फडक्यानं पुसून चमकवलं होतं.

मी सुचेल ते केलं. ठिपके नेलपॉलिशचे असणार एवढं आता कळलं होतं, म्हणून गावातल्या दुकानातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि दुपारी सरांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाटली पुढं ठेवली. "बाई, माफ करा. मी परत लावतो. जसे होते तसे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमी लावलेले तुमचे हुतील, मिस्त्री. तिचे कामून हुतील?" मग बाटली माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "माझी बशी मला काढून द्या."

मंगळवारी सकाळी झेंडा. विहिरीच्या वळणाशी भिंतीला भगदाड पडणार होतं, आणि बशी अख्खी निघेल याची मला खात्री नव्हती. बसवलेली गोष्ट काढणं हे बसवण्याच्या दसपट काम. मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "द्या काढून. त्यांची आहे."

सोमवारी सकाळी मी बारकी छिन्नी घेऊन बसलो. बशीला हात लावायचा नाही, आधी आजूबाजूचे तुकडे उचलायचे, मग मागचा माल कणाकणानं खायचा. कौसाबाई माझ्या पाठीमागं पोतं टाकून बसल्या. मला वाटलं, लक्ष ठेवायला बसल्या आहेत. तासभर नुसती छिन्नी.

मग मागून आवाज आला. "जत्रातून आणली व्हती तिनं बाटली."

मी हात थांबवला. त्या म्हणाल्या, "तुमी करा काम." मी मान न वळवता छिन्नी चालू ठेवली.

"जावेच्या घरी पाव्हणे आल्ते, तिनं बशा नेल्या आन परत देताना दोन कमी. म्या लई भांडले. ह्यी पोरगी म्हणली, आई, कामून भांडायचं, म्या खूण करते. आन दिवसभर बसून लावत राहिली. बशाला, ताटाला, इळीला, सुपाला. शेळीच्या शिंगालाबी दोन ठिपके." त्या हसल्या. मला खरंच हसल्यासारखं ऐकू आलं. "समदी बाटली संपवली. म्या रानातून आले, बघितलं, आन हाणली तिला. पाठीत. पैशाची चीज भांड्याला फासली म्हणून. दोन दिस बोलली न्हाई माझ्यासंगं. मग बोलली. पण म्या तिला चांगलं केलं असं म्हणले न्हाई. म्हणायचं व्हतं. तेवढ्यात गाव गेलं."

त्या रडायला लागल्या. मीही रडत होतो, पण माझं तोंड भिंतीकडं होतं आणि छिन्नी थांबवली असती तर त्या गप्प झाल्या असत्या. म्हणून चालू ठेवली. त्या बोलत राहिल्या. वर्षाला दहीभात आवडायचा, वर्षा झोपेत बडबडायची, वर्षाला विहिरीत पोहायला येत होतं आणि बापाला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांचं सगळं त्या माझ्या पाठीला सांगत होत्या.

दुपारी बशी सुटली. अख्खी. मागचा माल खरवडून, पाण्यानं धुवून मी ती त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणालो, "बाई, तिनं चांगलंच केलं होतं." त्यांनी मान हलवली. बशी फिरवून फिरवून बघितली. पदरानं पुसली. भिंतीतल्या खड्ड्याकडं बघितलं.

मग म्हणाल्या, "माल हाय का कालवलेला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो बाई, अर्धा दिवस मोडला माझा काढायला!"

"मग आता बसवायला किती लागतंय?" त्या म्हणाल्या. "घरी न्हिऊन काय करू? परत पेटीतच जाईल. अन् ठिपके असते तर म्या काय बोलले असते का? हितं लावते. पर पोरं बोलवा. त्यांना सांगते."

सरांनी वर्ग सोडला. पोरं मातीत बसली. कौसाबाईंनी बशी मालात दाबली, हात तसाच धरून ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. जाव, बशा, बाटली, शेळीचं शिंग. पाठीत मारलं तेही लपवलं नाही. पोरं शेळीला हसली. शेवटी त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "आन ह्या बाबानं त्ये पुसले." चाळीस पोरांनी माझ्याकडं वळून बघितलं. एवढी शरम मला उभ्या जन्मात वाटली नाही, आणि एवढं हलकंही.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो, की भिंत बघून यायचो. कौसाबाई दिसल्या तर लांबूनच म्हणायच्या, "आले का पुसणारे? आता काय पुसता?" आणि चहा केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. चार वर्षांमागं त्या गेल्या. मला उशिरा कळलं.

आता गुडघे गेले, काम सोडलं. गेल्या हिवाळ्यात नातीला लातूरला क्लासला सोडायला आलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून शाळेत गेलो. सरांची बदली होऊन जमाना झाला. मला ओळखणारं कुणी नव्हतं. विहिरीच्या वळणाशी एक सांधा उकलला होता, तो बघत वाकलो, तर मधल्या सुट्टीतली एक मुलगी जवळ आली. अकरा-बारा वर्षांची असेल.

"त्यी वर्षाची बशी हाय," तिनं सांगितलं. "तिला हात लावू नका."

"कोण वर्षा?"

"आमच्या गावची. लई खोडकर व्हती. शेळीच्या शिंगाला नेलपॉलिश लावली व्हती तिनं. हिच्यावरबी दोन ठिपके व्हते."

"मग कुठं गेले?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "एक येडा मिस्त्री आल्ता. त्याला डाग वाटले."

"हाव," मी म्हणालो. "येडाच व्हता."